अणदूरहून कॉलेजला

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातलं गाव सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे. पश्चिमेला सोलापूर, पूर्वेला नळदुर्ग, पुढे उमरगा आणि सरळ गेलं तर हैदराबाद. गावातल्या पोरांनी कुठलं कॉलेज गाठायचं हे त्यांच्या हुशारीपेक्षा या रस्त्याने आणि त्यावर त्या त्या वेळी कुणाचं राज्य होतं याने जास्त ठरवलं. मी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात कारकून म्हणून लागलो आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. प्रवेश अर्ज, टी.सी., बोनाफाईड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, परीक्षेच्या याद्या यांतच आयुष्य गेलं. प्राध्यापकाला वर्गातला विद्यार्थी दिसतो. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला त्याचं घर दिसतं, कारण त्याच्या हातात उत्पन्नाचा दाखला असतो. या खिडकीतून जे पाहिलं आणि घरच्या थोरांकडून जे ऐकलं, त्यावरून आमच्या भागात उच्च शिक्षण कसं आलं ते लिहितो आहे.

आमच्या घरातला सर्वांत जुना शाळेचा कागद माझ्या वडिलांचा आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नळदुर्गच्या शाळेचा तो दाखला, मजकूर सगळा उर्दूत, उजवीकडून डावीकडे. तारीख फसली सनाची : १३५२, महिना बहमन. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतं, म्हणजे हा १९४२-४३ चा कागद. खाली हेडमास्तरांची सही, शिक्का जांभळा पडलेला, घडीवर कागद चिरलेला. अण्णा घरात मराठी बोलायचे, हिशेब मोडीत लिहायचे आणि भूगोल उर्दूत शिकले होते. नद्यांची, पर्वतांची नावं त्यांना शेवटपर्यंत उर्दू उच्चारांनीच आठवायची.

त्या वेळी निजामाच्या राज्यात शाळांच्या तीन पायऱ्या होत्या : तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली, फौकानिया म्हणजे हायस्कूल. खालच्या वर्गांत मराठी चालायची. वर जायचं तर उर्दू आलीच पाहिजे. आणि फौकानियाच्या वर जे काही होतं ते उस्मानिया विद्यापीठ.

उस्मानियाबद्दल आमच्याकडे दोन टोकांचं बोललं जातं. मला त्यात न्याय करायचा आहे. १९१८ साली सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खान यांनी, या विद्यापीठाची सनद दिली आणि १९१९ साली वर्ग सुरू झाले. मुंबई, मद्रास, कलकत्ता ही विद्यापीठं १८५७ पासून इंग्रजीत शिकवत होती. उस्मानियाने देशी भाषेतून थेट पदवीपर्यंत शिकवायचं ठरवलं. इंग्रजी सक्तीचा विषय ठेवला, पण गणित, इतिहास, कायदा, वैद्यक उर्दूतून. त्यासाठी आधी दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतराचं खातं काढलं, पंडित बसवून पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणले, हजारो पारिभाषिक शब्द पाडले. हे काम मोठं होतं आणि त्याला मोठंच म्हटलं पाहिजे. आज मराठीतून वैद्यक शिकवण्याच्या नुसत्या घोषणा होतात. त्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं.

पण ती देशी भाषा आमची नव्हती. राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा बहुसंख्य होती, आणि विद्यापीठाची भाषा त्यांतली एकही नव्हती. अणदूरच्या शेतकऱ्याच्या पोराला आधी उर्दू शिकायची, मग उर्दूतून शिकायचं, वर इंग्रजी आहेच. मराठवाड्यात उस्मानियाचं इंटरमिजिएट कॉलेज होतं ते एकट्या औरंगाबादला, १९२३ साली निघालेलं. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. आमच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात कॉलेज नावाची वस्तू नव्हती. पदवी घ्यायची तर हैदराबाद. तिथे १८८७ पासूनचं निजाम कॉलेजही होतं, ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं आणि इंग्रजीतून शिकवणारं. त्यात प्रवेश मिळणं म्हणजे आमच्यासारख्यांनी बोलायचीही गोष्ट नव्हती.

दुसरी वाट उलट्या दिशेची, सोलापूरची. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. अणदूरपासून तासाभराच्या अंतरावर आज आपण सहज जातो, तेव्हा मधे दोन राज्यांची सरहद्द होती. करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका लागायचा, तिथे सामान उघडून दाखवायचं. नाणंही वेगळं : इकडे निजामाचा हाली रुपया, तिकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारसाठी साधारण एकशे सोळा हाली मोजावे लागत. माझे थोरले चुलते, आबा, सोलापूरच्या दयानंद कॉलेजात गेले. डी.ए.व्ही. संस्थेने ते १९४० साली काढलेलं, तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. आबा सांगायचे, फी भरायच्या आदल्या आठवड्यात आजोबा ज्वारी विकायचे, हालीचे रुपये कंबरेच्या कशात बांधायचे आणि सोलापूरला सराफाकडे बसून कलदार करून घ्यायचे. दर शंभरामागे जे सोळा जायचे त्याचं आजीला फार वाटायचं. तेवढ्यात आबांच्या खानावळीचा महिना निघाला असता. आबांनी इंटर केलं, पुढे घरची अडचण आली आणि ते परत आले. पण गावात इंग्रजी पत्र वाचायला लोक त्यांच्याकडेच यायचे.

तिसरी वाट विरळ, आणि मला तीच सगळ्यांत थोर वाटते. आमच्याच जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यात, हिप्परगा नावाचं गाव आहे. तिथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. असहकाराचा तो काळ. सरकारी शाळा सोडा, आपल्या शाळा काढा, असं गांधीजी सांगत होते. ते वारं निजामाच्या मुलखात पोचणं सोपं नव्हतं, कारण इथे खासगी शाळा काढायलाही सरकारची परवानगी लागायची आणि ती सहज मिळत नसे. या शाळेत पुढे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे मुख्याध्यापक म्हणून आले. सोलापूर, अमळनेर असं करत पुण्याच्या टिळक विद्यापीठात शिकलेले. तेही १९२१ मध्येच निघालेलं राष्ट्रीय विद्यापीठ. खेडगीकरांनी हिप्परग्यातच संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे ते मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले, तिथल्या योगेश्वरी शाळेला आकार दिला आणि नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. राष्ट्रीय शाळेच्या दाखल्यावर सरकारी नोकरी मिळत नव्हती. हे पालकांना माहीत होतं, तरी त्यांनी पोरं पाठवली. आज कॉलेज निवडताना ‘प्लेसमेंट’ किती हा पहिला प्रश्न असतो. त्या पालकांनी तो विचारला नाही.

१९३८ च्या अखेरीला उस्मानियाच्या आणि औरंगाबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, मुलं हटली नाहीत, शेकड्यांनी त्यांना काढून टाकलं. राज्यात दुसरं विद्यापीठ नाही, म्हणजे शिक्षण संपलं. तेव्हा नागपूर विद्यापीठाने या मुलांना घेतलं. कुलगुरू होते टी. जे. केदार. त्या काढून टाकलेल्या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. माझ्या नोकरीत स्थलांतर प्रमाणपत्र नाही म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवायची वेळ आली की मला नेहमी हे नागपूर आठवायचं. एका विद्यापीठाने कागदाकडे न बघता दार उघडलं म्हणून एक अख्खी पिढी वाचली.

मग १३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून भारतीय सैन्य आलं ते आमच्याच रस्त्याने, आणि नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. अण्णांनी गावच्या वेशीजवळ उभं राहून गाड्यांची रांग पाहिली होती. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाचं राज्य संपलं. करोडगिरी गेली. पुढे हाली गेला. आणि उर्दूचं माध्यमही गेलं. अण्णांचा दाखला एका रात्रीत जुना झाला. तहसीलला लागलेल्या त्यांच्या सोबत्यांना मराठीत आणि इंग्रजीत पुन्हा सगळं शिकावं लागलं. त्या पिढीचे हे हाल फारसे कुणी लिहिले नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरं पुन्हा बाहेर निघाली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांसाठी धावपळ झाली. अण्णांच्या वयाची माणसं तोवर राहिली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा वर्षं मराठवाड्यात सरकारने नव्हे, तर माणसांनी कॉलेजं काढली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांची माणसं होती. त्याच साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी त्याच्या इमारतीचा पाया घातला. मुंबईत त्यांचं सिद्धार्थ कॉलेज असताना बाबासाहेबांनी मुद्दाम हा मागासलेला मुलूख निवडला. खेड्यातून आलेल्या पोरासाठी कॉलेजला वसतिगृह जोडलेलं असलं पाहिजे, हे मिलिंदच्या परिसराने, नागसेनवनाने, आम्हाला शिकवलं. आमच्या तालुक्यातल्या दलित वस्त्यांतून पहिले पदवीधर झाले त्यांतल्या अनेकांची पावलं आधी तिकडे वळली. अंबाजोगाईला १९५६ साली योगेश्वरी महाविद्यालय झालं. ही सगळी सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेली होती, म्हणजे पेपर हैदराबादहून येत.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून सुटला आणि २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. उद्घाटनाला पंडित नेहरू आले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. आमच्यासाठी याचा अर्थ साधा होता : मराठवाड्यातल्या मराठी बोलणाऱ्या लोकांचं स्वतःचं विद्यापीठ, पहिल्यांदाच. उस्मानाबादला कोल्हापूरच्या बापूजी साळुंखे यांच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने रामकृष्ण परमहंस महाविद्यालय काढलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या संस्थेने येऊन आमच्या जिल्ह्यात कॉलेज काढावं, हे उपकार जिल्ह्याने विसरू नयेत. मी त्याच शहरात खोली घेऊन बी.कॉम. झालो. घरून दर आठवड्याला एस.टी.च्या कंडक्टरकडे डबा दिला जायचा : भाकरी, शेंगाचटणी, कधी खरडा. स्टँडवर डबा घ्यायला आम्ही सात-आठ जण उभे असायचो.

नळदुर्गला बालाघाट शिक्षण संस्थेचं कॉलेज निघालं आणि मग अणदूरचं चित्र खरं पालटलं. मुलांसाठी पालटलं असं नव्हे. मुलं पूर्वीही धडपडत कुठे ना कुठे जात होतीच. मुलींसाठी पालटलं. माझी आत्या चौथीत थांबली. माझी मोठी बहीण सातवीत. धाकटी बहीण बी.ए. झाली. तिघींच्या हुशारीत काही फरक नव्हता. आत्या तर तोंडी व्याजाचे हिशेब करायची. फरक एवढाच की धाकटीच्या वेळी कॉलेज सकाळच्या बसने जाऊन दुपारी परत येण्याच्या अंतरावर आलं होतं. आई म्हणाली, दुपारी भाकरीला घरी येते ना, मग जाऊ दे. त्या एका वाक्यावर ती शिकली. शिक्षणाच्या इतिहासात हे वाक्य येणार नाही, पण आमच्या भागातल्या किती मुलींच्या पदव्या या अंतरावर अवलंबून होत्या ते मी खिडकीतून पाहिलं आहे. मुलीचा प्रवेश अर्ज घेऊन आलेला बाप पहिला प्रश्न विषयाचा विचारत नसे. कॉलेज किती वाजता सुटतं, हे विचारायचा.

अणदूरमध्ये स्वतःची शाळा उभी राहिली ती जवाहर विद्यालय. सि. ना. आलुरे गुरुजींचं नाव या शाळेशी कायमचं जोडलेलं आहे. गुरुजी पुढे तुळजापूरचे आमदार झाले, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख शेवटपर्यंत गुरुजी हीच राहिली. आज गावात जवाहर महाविद्यालयही आहे, कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांचं. ज्या गावातून कॉलेजला जायला सरहद्द ओलांडावी लागायची, तिथे आता पोरगी चालत बी.एस्सी.ला जाते.

नामांतराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी नोकरीला लागलो तेच वर्ष. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. कॉलेजं बंद पडली. ज्या माणसाने या मुलखात गरिबाच्या पोरासाठी पहिलं मोठं महाविद्यालय उभं केलं, त्याच्या नावासाठी सोळा वर्षं रक्त आणि अश्रू सांडावे लागले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्या वर्षी गुणपत्रिकांच्या नव्या नावाच्या पहिल्या गठ्ठ्यावरची दोरी मी सोडली. एक मुलगा आला, त्याने गुणपत्रिका हातात घेतली आणि गुण न बघता वरचं नाव वाचत उभा राहिला. मागे रांग होती, पण त्याला सरक म्हणायला कुणी धजलं नाही. मीही नाही.

त्याच १९९४ साली १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. नांदेड, लातूर, परभणी तिकडे गेले. आमचा जिल्हा औरंगाबादकडेच राहिला. नकाशावर बघा : परीक्षेचा एखादा निकाल राखून ठेवला गेला तर आमच्या पोराला अडीचशे किलोमीटर जावं लागायचं, रात्रीच्या एस.टी.ने जायचं, सकाळी विद्यापीठाच्या नळावर तोंड धुवायचं आणि खिडकी उघडायची वाट बघायची. २००४ साली विद्यापीठाचं उपकेंद्र उस्मानाबादला आलं, तेव्हा कुठे हा त्रास थोडा कमी झाला. त्याच साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, एका जिल्ह्यासाठी काढलेलं राज्यातलं पहिलं. आता त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव आहे. सरहद्द जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली, पण अणदूरचं पोरगं पदवीनंतर सोलापूरला शिकायला गेलं की त्याला अजून स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. आमच्या खंडोबाचंही तसंच आहे. देव एक, देवळं दोन : वर्षाचे सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. देव नेताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. फरक एवढाच की देवाचा करार एका रात्रीत होतो. स्थलांतर प्रमाणपत्राला महिना लागलेला मी पाहिला आहे, आणि त्या महिन्यात तिकडची प्रवेशाची मुदत संपलेलीही.

दरम्यान उच्च शिक्षणाचे बाकीचे प्रकारही भराभर आले. १९७२ साली परभणीचं कृषी विद्यापीठ, ज्याला आता वसंतराव नाईकांचं नाव आहे. कृषी विद्यापीठाची कल्पना अमेरिकेतून आली. तिथे १८६२ च्या कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं निघाली. एकाच छपराखाली शिकवणं, संशोधन आणि बांधावर जाऊन शेतकऱ्याला सांगणं, ही त्यांची रीत. परभणीच्या ज्वारी, तूर, सोयाबीनच्या वाणांचं बियाणं आमच्या शिवारात आहे. शेतकऱ्याला विद्यापीठ दिसतं ते बियाण्याच्या पिशवीवर, असं मला नेहमी वाटतं. सत्तरच्याच दशकात अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. उस्मानाबादला तेरणा अभियांत्रिकी निघालं, पुढे तुळजापूरला भवानी मातेच्या संस्थानानेही अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. देवीच्या दानपेटीतून पोरं इंजिनिअर व्हावीत, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. त्यानंतर मात्र ‘कायम विनाअनुदानित’ हा प्रकार आला. त्यातली कित्येक कॉलेजं पाटी आणि चार खोल्यांवर चालली. त्याबद्दल मला आदर नाही.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. नियमित कॉलेजातले लोक त्याकडे नाक मुरडून बघत. मी बघत नसे, कारण रविवारच्या अभ्यासवर्गाला कोण यायचं ते मला दिसायचं : अंगणवाडी सेविका, एस.टी.चे वाहक, लग्नाने शिक्षण सुटलेल्या बायका, लेकराला मांडीवर घेऊन. एका अंगणवाडीताईने आणि तिच्या मुलाने एकाच वर्षी पदवी घेतली. दोघांचे फॉर्म मीच तपासले होते.

तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं काम १९८६ पासून आहे. आता तिथे तिचा पूर्ण परिसर आहे आणि ईशान्येपासून केरळपर्यंतची मुलं ग्रामविकास शिकायला दुष्काळी तालुक्यात येऊन राहतात. आणि एक संस्था अशी, जी विद्यापीठाच्या कुठल्याच यादीत नाही : आमच्या अणदूरची हॅलो मेडिकल फाउंडेशन. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने इथे दवाखाना मांडला आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर, बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. ताप कसा बघायचा, बाळंतिणीला कधी पुढे पाठवायचं, लेकराचं वजन का करायचं, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. त्यांना पदवी नाही, नामांकन नाही. मी तरीही अणदूरच्या उच्च शिक्षणात त्यांची गणना करतो. शिकून माणूस गावाच्या उपयोगी पडला की नाही, हीच कसोटी लावायची तर आमच्यातले पुष्कळ पदवीधर त्यांच्या मागे पडतील.

२०२२ साली जिल्ह्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं. म्हणजे आज धाराशिव जिल्ह्यातल्या मुलापुढे विद्यापीठाचं उपकेंद्र, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयं, अभियांत्रिकी, वैद्यकीय, मुक्त विद्यापीठ, अखिल भारतीय संस्था, असं सगळं आहे. आजोबांनी हालीचे कलदार केले तेव्हा यातलं एकही नव्हतं. हे कमी नाही.

पण या सगळ्यांत ज्याने सर्वांत जास्त माणसं घडवली ते कॉलेज सगळ्यांत साधं आहे : खेड्यातलं, अनुदानित, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चं कॉलेज. अमेरिकेच्या राज्यांत गावोगाव दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं असतात, कमी फीची, घरी राहून जाता येणारी. मोठ्या विद्यापीठाचा जिना अनेकांसाठी तिथून सुरू होतो. आपल्याकडे हे काम नळदुर्ग, अणदूर, उमरग्याच्या कॉलेजांनी केलं. ई.बी.सी.ची म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी सवलत, जी.ओ.आय.ची म्हणजे भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि बसचा पास या तीन कागदांवर पोरं शिकली, तलाठी झाली, शिक्षक झाली, फौजदार झाली.

आणि आज नेमकं तेच कॉलेज वाळत चाललं आहे. प्राध्यापक निवृत्त होतात आणि जागा भरल्या जात नाहीत. नेट, सेट, पीएच.डी. झालेली मुलं तासिका तत्त्वावर येतात, तासाप्रमाणे पैसे घेतात, तेही महिनोन्महिने उशिरा. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. असा माणूस विद्यार्थ्याच्या मागे कुठल्या जोरावर उभा राहील? मी नोकरीला लागलो तेव्हा एका विषयाला तीन पूर्णवेळ शिक्षक होते. मी निवृत्त झालो तेव्हा एक उरला होता आणि तोच तीन वर्षांचे सगळे पेपर शिकवत होता. कार्यालयातही तेच : शिपाई, लिपिक, ग्रंथालय परिचर यांच्या जागा रिकाम्या. वर मूल्यांकनाची समिती येते आणि विचारते, संशोधन का कमी?

२०२४ पासून राज्य सरकारने ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली. चांगलं केलं. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या दारापर्यंत पोचणारी मुलगी आधी गावच्या कॉलेजात अकरावी-बारावी विज्ञान शिकलेली असते, आणि तिथे भौतिकशास्त्राला माणूस नसेल तर पुढच्या माफीचा तिला उपयोग नाही.

माझं मागणं म्हणून दोनच गोष्टींचं आहे. सरकारने अनुदानित महाविद्यालयांतल्या मंजूर जागा पूर्णवेळ भराव्यात, शिक्षकांच्या आणि शिक्षकेतरांच्याही. आणि या कॉलेजांतून शिकून पुण्या-मुंबईला, हैदराबादला, परदेशात गेलेल्या आपल्या माणसांनी वर्षातून एकदा तरी तिथे जावं, प्राचार्यांना भेटावं, कोणत्या विषयाला शिक्षक नाही ते विचारावं आणि आपल्या आमदाराला त्याबद्दल लेखी पत्र द्यावं. पत्राची पोच मात्र घ्यायला विसरू नका.